मैत्रिणीचं वाजवणं कान देऊन ऐकू या

 

बचतगटाचे हिशेब, शेळ्यांचे आजार, मुलींची शाळा यांवर आपण नेहमी बोलतो. आज बोलायचंय ऐकण्याबद्दल. ऐकणं हेही एक काम आहे, आणि ते नीट केलं तर आपल्यातल्या एखादीला त्याचा मोठा आधार होतो.

विषय कशावरून निघाला ते सांगतो. आमची एक मैत्रीण गिटार वाजवते. तिनं स्वतःच्या खर्चानं एक अल्बम काढला. त्यात सहा वादनं आहेत. गाणं नाही, शब्द नाहीत, तबला नाही. एका वादनात तिनं तारांमध्ये कागद अडकवलाय, एकात तारेवर चमचा फिरवलाय, एकात बराच वेळ गिटारच्या लाकडावर नुसती बोटं वाजवली आहेत. तिनं तो सगळ्यांच्या फोनवर पाठवला. उत्तरं आली: अंगठा, फुलं, जोडलेले हात. एकीनं लिहिलं, ‘छान गं.’ दुसरीनं विचारलं, ‘गाणं कधी सुरू होतं?’

या विचारण्यात काही गैर नाही. ओवी असो, अभंग असो, गवळण असो की सिनेमाचं गाणं, आपण शब्दांचं बोट धरून ऐकतो. शब्द नसले की कुठं धरायचं ते कळत नाही. म्हणून आज तेच समजून घेऊ.

कान आपल्याकडे आहेतच

‘आम्हाला संगीतातलं काय कळतंय’ असं म्हणायची आपल्याला सवय आहे. पण बघा, कुंभाराकडून मडकं घेताना आपण ते वाजवून घेतो. चांगलं मडकं खणखणतं, चिरलेलं बद्द वाजतं. धार काढताना सुरुवातीला दुधाची चिळकांडी रिकाम्या भांड्यात टणटण वाजते, भांडं भरत आलं की आवाज मऊ होतो. विहिरीतलं पाणी संपत आलं की मोटारीचा आवाज बदलतो आणि आपण घरातून उठून पळतो. जत्रेत लांबून हलगी ऐकली की पालखी निघाली की कुस्त्या लागल्या ते कळतं. यातल्या कशातही शब्द नसतात, तरी आपल्याला अर्थ लागतो. शब्दाविना वाजणारी गिटार ऐकायलाही हाच कान लागतो.

तार का वाजते, कशी वाजते

वाद्य कसं चालतं ते थोडं माहीत असलं की ऐकणं सोपं होतं. त्यासाठी लांब जायला नको. आपल्या सांगली जिल्ह्यातलं मिरज तंतुवाद्यांसाठी देशभर ओळखलं जातं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले कारागीर एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले. त्यातल्या फरीदसाहेब सतारमेकर यांचं नाव आजही घेतलं जातं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

तंबोऱ्याचा भोपळा आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. एवढा मोठा पोकळ भोपळा कशाला? नुसती तार ताणून छेडली तर तिचा आवाज बारीकच येतो. ती हलते, पण तिच्याभोवतीची हवा फारशी हलत नाही. तार ज्या घोडीवर टेकते ती घोडी खालच्या लाकडाला हलवते, लाकूड आणि पोकळी मिळून हवेला हलवतात, मग आवाज मोठा होतो. गिटारचं पोट पोकळ असतं ते याचसाठी.

तंबोऱ्यात आणखी एक गंमत आहे. घोडी रुंद आणि किंचित बाकदार असते. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक बारीक सूत सरकवतात. ते नेमक्या जागी आलं की तार घोडीला हलकेच घासत हलते आणि एका सुरातून अनेक सूर झिणझिणत बाहेर येतात. याला जवारी म्हणतात. कारागीर घोडी घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. हात काम करतो, पण कुठं थांबायचं ते कान सांगतो.

आता आमच्या मैत्रिणीनं तारांमध्ये अडकवलेला कागद आठवा. तारेला काहीतरी हलकेच लागू द्यायचं आणि तिचा आवाज बदलायचा, हा विचार तंबोऱ्यातल्या सुताच्या जवळचाच आहे. सुतानं आवाज उघडतो, कागदानं तो खरखरतो आणि लवकर विझतो. ‘प्रयोग’ म्हणतात तो हाच. ओळखीच्या वाद्याला नवा प्रश्न विचारायचा: असं केलं तर तू कशी बोलशील?

चमच्याचंही तसंच. गिटारच्या दांडीवर पडदे असतात. पडद्यापाशी बोट दाबलं की एक ठरलेला सूर मिळतो, म्हणजे एकेक पायरी चढल्यासारखं. तारेवर धातू टेकवून सरकवला की सूर घसरगुंडीवरून गेल्यासारखा एका जागेवरून दुसरीकडे वाहत जातो. आपल्या गायकीत त्याला मींड म्हणतात. जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा गिटार आडवी ठेवून तारेवर धातूचा दांडा फिरवत आणि आपले राग वाजवत. १९६७ साली शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काब्रांची गिटार असा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ नावाचा अल्बम निघाला. त्यात काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस सुरांतून मांडलाय. आपल्या माण-जतकडं मेंढरामागं फिरणाऱ्या घरांतल्या बायकांनी तो जरूर ऐकावा. शब्द नसतानाही दिवस कसा चढतो आणि कसा उतरतो, ते त्यांना आमच्यापेक्षा लवकर कळेल.

तीन वेळा ऐकायचं

मैत्रिणीचा अल्बम आला की काय करायचं? आम्ही एक साधी पद्धत ठरवली. एकच वादन निवडायचं आणि ते तीन वेळा ऐकायचं.

त्याआधी थोडी तयारी. फोनचा स्पीकर बोटाच्या पेराएवढा असतो. त्यातून बारीक तारांचा आवाज येतो, पण जाड तारांचा खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणजे अर्धं वाद्य गायब. इअरफोन लावा, नाहीतर गटाच्या बैठकीचा मोठा स्पीकर आणा. पंखा बंद करा. रात्री लाईट गेल्यावर मोटारी, गिरणी, टीव्ही सगळं थांबतं, ती वेळ तर फारच चांगली.

पहिल्यांदा ऐकताना काहीच ठरवायचं नाही. आवडलं, नाही आवडलं हे बाजूला ठेवायचं. फक्त सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसायचं. मध्ये कंटाळा आला तर तो कुठं आला एवढं लक्षात ठेवायचं. तो पुढं उपयोगी पडतो.

दुसऱ्यांदा निवडत ऐकायचं, सुपात धान्य घेतल्यासारखं. हा आवाज जाड तारेचा की बारीक? बोटाचा की नखाचा? आवाज लगेच विझतो की रेंगाळतो? एखादी गोष्ट पुन्हा येते का? आली तर तशीच येते की जरा बदलून? बोट तारेवरून सरकताना होणारी किरकिर, वाजवणारीचा श्वास, हेही ऐका. घरात केलेल्या ध्वनिमुद्रणात लांबून कोंबडा नाहीतर एसटीचा हॉर्नही येतो. काहीजणी तो मुद्दाम ठेवतात.

तिसऱ्यांदा शांततेकडे लक्ष द्यायचं. तार छेडली की तिचा जोर हळूहळू लाकडात आणि हवेत विरून जातो. वाजवणारी तो पूर्ण विझू देते का, की त्याआधीच दुसरी तार छेडते? आमच्या मैत्रिणीच्या चौथ्या वादनात ती प्रत्येक सूर अगदी संपेपर्यंत थांबते. पहिल्यांदा वाटतं, फोन बंद पडला. तिसऱ्यांदा ऐकताना कळतं, ती वाट बघतेय. वाट बघणं काय असतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. टँकरची, शेवटच्या एसटीची, मुंबईहून येणाऱ्या फोनची वाट आपण बघतोच.

ऐकणारं कुणी असलं की

अमेरिकेत एलिझाबेथ कॉटन नावाची एक कृष्णवर्णी बाई होऊन गेली. लहानपणीच ती लोकांच्या घरी कामाला लागली आणि त्या पैशातून तिनं गिटार घेतली. ती डावखुरी होती. तिनं तारा बदलल्या नाहीत, गिटारच उलटी धरली. त्यामुळं बाकीचे ज्या तारा अंगठ्यानं वाजवतात त्या ती बोटांनी वाजवायची आणि चाल अंगठ्यानं. लग्न झालं, संसार झाला, गिटार कित्येक वर्षं बाजूला पडली. पुढं ती वॉशिंग्टनमध्ये सीगर नावाच्या कुटुंबात घरकाम करू लागली. ते घर संगीताचं होतं, गिटार भिंतीला टांगलेली असायची. एकदा ती वाजवताना घरातल्या मुलीनं, पेगीनं, ऐकलं. पेगीचा भाऊ माइक यानं तिचं वाजवणं ध्वनिमुद्रित केलं आणि १९५८ साली फोकवेज या छोट्या कंपनीनं तिचा पहिला अल्बम काढला. तेव्हा तिनं साठी ओलांडली होती. १९८५ साली, नव्वदीत, तिला ग्रॅमी हा मोठा पुरस्कार मिळाला.

तिच्या बोटांत ती कला आधीपासून होती. नव्यानं काय झालं? त्या घरात कुणीतरी लक्ष देऊन ऐकलं, एवढंच.

आपल्याकडं जात्यावर हेच होत होतं. समोरासमोर दोघी बसायच्या. एक ओवी उचलायची, दुसरी ऐकून तिला साथ द्यायची. ऐकणारी समोर असल्याशिवाय ओवी पुढं सरकायची नाही. हेमा राइरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या बायकांना कुणी कलावंत म्हणत नव्हतं. कुणीतरी ऐकायला बसलं म्हणून त्या ओव्या आज आपल्यापर्यंत आल्या.

मैत्रिणीला काय सांगायचं

स्वतः अल्बम काढणं म्हणजे कंपनीचा खर्च नाही, जाहिरात नाही, दुकान नाही. ध्वनिमुद्रण, त्यातले आवाज कमी-जास्त करणं, वरचं चित्र, सगळं पदरचं. लंडनमध्ये १९७० साली डेरेक बेली हा गिटारवादक आणि त्याचे दोन साथीदार यांनी इन्कस नावाची स्वतःची कंपनी काढली, कारण अशा प्रयोगांना मोठ्या कंपन्या हात लावत नसत. आपला बचतगट निघाला तोही असाच. बँक दारात उभी करत नव्हती, म्हणून आपण आपसात उभं राहिलो.

म्हणून पहिली गोष्ट: अल्बमला किंमत ठेवली असेल तर ती द्या. घरचीच आहे म्हणून फुकट मागू नका. लोणच्याची बरणी आपण मैत्रिणीकडून विकत घेतो, तसंच हे. फोनवर एकदा ऐकल्याचा वादकाला बहुतेक ठिकाणी पुरता एक रुपयाही मिळत नाही.

दुसरी गोष्ट: ‘छान’ म्हणून थांबू नका. जागा सांगा. ‘दुसऱ्या वादनात जाड तार एकदम सैल झाल्यासारखी वाटली, तिथं पोटात गोळा आला.’ ‘कागदवालं मला लांबलं असं वाटलं.’ नावडलं तरी सांगा, फक्त कुठं ते सांगा. ‘त्यापेक्षा एखादं गाणं वाजव की’ हे मात्र नको. भरल्या वांग्याच्या ताटावर बसून पुरणपोळी का नाही, असं विचारल्यासारखं ते होतं.

तिसरी गोष्ट: एक प्रश्न विचारा. आमच्या गटातल्या एका अक्कांनी विचारलं, ‘लाकडावर वाजवताना तुझ्या मनात काय होतं?’ मैत्रीण म्हणाली, ‘आई पीठ चाळायची त्याचा ठेका.’ मग आम्ही ते वादन पुन्हा लावलं. आता सगळ्यांना चाळण ऐकू आली. कुणीतरी विचारलं म्हणून ते समजलं.

पुढच्या बैठकीत हिशेब झाल्यावर दहा मिनिटं राखून ठेवा. गटातली कुणी पेटी वाजवत असेल, कुणी ओव्या म्हणत असेल, कुणाची मुलगी फोनवर गाणी रचत असेल. एकीचं एकच वादन किंवा गाणं लावा. सगळ्यांनी गप्प बसून ऐका. मग प्रत्येकीनं एकच वाक्य सांगायचं: मला काय ऐकू आलं आणि कुठं. ज्या बाईचं ते काम आहे तिनं शेवटी बोलायचं. कुणी काय सांगितलं ते वहीत लिहून ठेवा आणि आम्हालाही कळवा.