टिळकांच्या घरातला ठोंबरे

थोरांनी तरुणांना हाताशी धरावं, असं चर्चमध्ये नेहमीच बोललं जातं. प्रत्यक्षात मंडळीचं कामकाज वयानुसार वाटलेलं असतं: मुलांचं संडे स्कूल वेगळं, तरुण संघ वेगळा, महिला मंडळ वेगळं. साठीचे गृहस्थ आणि सतरा वर्षांचा मुलगा एकाच उपासनेला बसतात आणि एकमेकांशी अवाक्षर न बोलता घरी जातात. हे अंतर आणखी एखादा उपक्रम आखून मिटेल, असं मला वाटत नाही. कुणीतरी घराचं दार उघडावं लागतं, आणि आत येणाऱ्याने आपल्यासारखंच व्हावं हा हट्ट सोडावा लागतो. यातली दुसरी गोष्ट फार अवघड.

१९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाला ‘बालकवी’ म्हणून गौरवलं. बहुतेक होतकरू मुलांची कहाणी अशा कौतुकाशीच संपते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मात्र त्याला अहमदनगरला आपल्या घरी नेलं. टिळकांचा जन्म १८६१चा, ठोंबऱ्यांचा १८९०चा. दोघांचा जीव फुलांवर, पाखरांवर, कवितेवर, त्यामुळे वयाचं अंतर आड आलं नाही. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ठोंबरे येतो तो कवी म्हणून कमी, घरातला मुलगा म्हणून जास्त.

ब्राह्मणाच्या मुलाला घरात ठेवून घेण्यात मिशनच्या धर्मोपदेशकाचा धर्मांतराचा हेतू नसेल कशावरून? ही शंका रास्त आहे. त्या काळात ती घरोघरी बोलली जात असणार. पण ठोंबरे अखेरपर्यंत हिंदूच राहिले, आणि त्यांच्या कवितेत निर्झर, औदुंबर, फुलराणी आहेत, ख्रिस्तभक्ती नाही. टिळकांना धर्मांतराची घाई न करण्याचा हा धीर कुठून आला, याचं उत्तर मला त्यांच्या संसारात दिसतं. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई उन्मळून पडल्या. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या त्याही सोवळं सांभाळत, पाणी आणि स्वयंपाक वेगळा ठेवून. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. माणूस आपल्या पावलांनी चालत येईपर्यंत थांबायचं असतं, हे या घराने सोसून जाणलं होतं. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत म्हणून टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ उभारला, तोही याच वृत्तीतून.

हे कवींचं घर होतं, सामान्यांना कसं जमावं, असंही कुणी म्हणेल. पण शिकणं आणि जेवण एका छताखाली आलं की काय घडतं, हे शिंद्यांच्या ग्वाल्हेरनेही पाहिलं आहे. तिथे गायक शंकरराव पंडितांच्या घरी त्यांचे गुरू उस्ताद निसार हुसेन खाँ राहिले. इथे धाकट्याने थोरल्याला आसरा दिला, हिंदू शिष्याने मुसलमान गुरूला. सोवळ्याओवळ्याच्या त्या दिवसांत ही साधी गोष्ट नव्हती. त्याच घरातल्या कृष्णराव पंडितांनी १९१४ मध्ये गायनशाळा काढली आणि ग्वाल्हेरची गायकी पुढच्या पिढ्यांकडे गेली. देवळात आणि चर्चमध्ये जे ठरावाने होत नाही, ते पंगतीत आणि तालमीत झालं.

अशा मायेने आयुष्य सुरळीत होतंच असं मात्र नाही. ठोंबऱ्यांची पैशाची ओढाताण आणि मनाची घालमेल टिळकांना मिटवता आली नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. टिळक त्यानंतर वर्षभरच जगले. म्हणून मंडळीतल्या थोरांनी तरुणाचं भलं करण्याचं ओझं घेऊ नये, असं मी म्हणेन. रविवारच्या उपासनेनंतर एकाला जेवायला बोलवावं, त्याने लिहिलेलं वाचावं, त्याचं गाणं ऐकावं, आणि पुढच्या रविवारीही बोलवावं, तो उपासनेला आला नसला तरी.