कोरल पांढरं पडलं म्हणजे मेलं का?

सुरतेत खाऱ्या पाण्याचा टँक सांभाळणाऱ्याची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते. पारा चाळिशीला टेकतो, दुपारी लाइट जाते, पाणी तापतं आणि सकाळी कोरल पांढरंफटक दिसतं. मग जो तो सल्ला देतो. त्यातले काही सल्ले निरुपयोगी असतात, एखादा जिवावर बेतणारा, तर एखादा थेट कायद्याच्या कचाट्यात नेणारा.

गैरसमज : पांढरं पडलं म्हणजे मेलं.

वस्तुस्थिती : कोरल, म्हणजेच प्रवाळ, ही इवल्याशा प्राण्यांची वसाहत आहे. दगडी कोरलमध्ये हे प्राणी आपणच बांधलेल्या चुन्याच्या सांगाड्यावर राहतात. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल असतं. रंग बराचसा त्याचा आणि अन्नही मुख्यतः तेच पुरवतं. पाणी तापलं की हे शैवाल निघून जातं, मांस पारदर्शक होतं आणि खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. प्राणी तेव्हा उपाशी असतो, पण जिवंत असतो.

टॉर्च तिरपा धरून पाहा. सांगाड्यावर काचेसारखा पातळ, ओलसर थर दिसला किंवा रात्री बारीक तंतू बाहेर आले, तर जीव आहे. पाणी हळूहळू 25-26 अंशांवर आणा, प्रकाश कमी करा आणि वाट पाहा. थर सुटून नुसता खरखरीत चुना उघडा पडला आणि त्यावर शेवाळ धरू लागलं, तर तेवढा भाग मेला.

गैरसमज : मेलेलं कोरल टँकमध्ये राहिलं की सगळा टँक नासतो.

वस्तुस्थिती : नासतं ते मांस. कुजताना त्यातून अमोनिया सुटतो आणि लहान टँकमध्ये तो माशांना मारू शकतो. दुर्गंधी आली किंवा तपकिरी बुळबुळीत थर दिसला, तर तो तुकडा त्याच दिवशी काढा, अमोनिया तपासा, थोडं पाणी बदला. मांस गळून गेलेला कोरा सांगाडा मात्र निरुपद्रवी असतो. त्याच्या छिद्रांत अमोनियाचं नायट्रेट करणारे उपयोगी जिवाणू वस्ती करतात. एक फांदी मेली म्हणून अख्खी वसाहत टाकून देऊ नका.

गैरसमज : काढलेलं कोरल किंवा खडक उकळला की स्वच्छ होतो.

वस्तुस्थिती : असं कधीही करू नका. झोअँथिड गटातल्या काही कोरलमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिजहाल विष असतं. खडकाच्या खाचेत त्यांचे अवशेष असतील तर उकळताना ते विष वाफेबरोबर घरभर पसरतं. परदेशांत यामुळे कुटुंबंच्या कुटुंबं रुग्णालयात दाखल झाली आहेत. गरम पाण्याने किंवा कोरड्या ब्रशने घासणंही तितकंच घातक. हातमोजे आणि चष्मा घालूनच असे खडक हाताळा. सफाईसाठी ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करू नका; त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

गैरसमज : सांगाडा पाण्यात असला की पीएच आणि कॅल्शियम आपोआप सांभाळलं जातं.

वस्तुस्थिती : मरीन टँकचा पीएच साधारण 8.1 ते 8.3 असतो. त्या पाण्यात हा चुना जवळपास विरघळतच नाही. कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम आणि अल्कलिनिटी टेस्ट किटनेच तपासावी लागते.

गैरसमज : डुमसचा किनारा जवळच आहे, तिथलं पाणी आणून ओतलं की झालं. बाष्पीभवनाची तूटही त्यानेच भरावी.

वस्तुस्थिती : तापीच्या मुखाजवळचं ते पाणी गाळाने गढूळ असतं, कोरलला स्वच्छ पाणी लागतं. शिवाय वाफ होते ती पाण्याची, मीठ टँकमध्येच राहतं. म्हणून रोजची तूट आरओच्या गोड्या पाण्यानेच भरायची. खारं पाणी ओतत राहिलं, तर क्षारता 35 पीपीटीच्या वर चढत जाते.

गैरसमज : मेलेलं कोरल म्हणजे शोभेचा दगड. विकावं, भेट द्यावं, शोकेसमध्ये ठेवावं.

वस्तुस्थिती : सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 2001 मध्ये सगळी दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे त्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. म्हणजे वाघाच्या रांगेत. जिवंत प्राण्याइतकंच संरक्षण त्याच्या वाळलेल्या सांगाड्यालाही आहे. या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला 3 ते 7 वर्षं कैद होऊ शकते. घरात असा तुकडा असेल तर वनविभागाशी बोला.

या कडकपणाची गरज आपल्याच राज्यात, गुजरातमध्ये दिसते. कच्छच्या आखातात एके काळी सिमेंटसाठी प्रवाळी वाळू उपसली जात होती. 1982 मध्ये जामनगरच्या किनाऱ्यावर सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. त्यातल्या नरारा इथे ओहोटीला पायी चालत जिवंत प्रवाळ पाहता येतं. मिठापूरला तर इथून नामशेष झालेली एक प्रजाती लक्षद्वीपहून आणून पुन्हा रुजवण्याचा प्रयत्न झाला. एकेक फांदी जगवायला एवढे कष्ट पडत असताना, दुकानातला सांगाडा विकत घेणं म्हणजे ती तोडणाऱ्याला पैसे देणं.

टँकच्या सजावटीसाठी सिरॅमिक किंवा रेझिनचे खडक घ्या. कोरल घेण्याआधी प्रजातीचं नाव आणि कागदपत्रं मागा. ती नसतील तर घेऊ नका. आणि कोरल मेलंच, तर दुसरं आणण्याआधी तापमान, क्षारता आणि अल्कलिनिटीची नोंद काढून कारण शोधा. कारण सापडेपर्यंत ती जागा रिकामी ठेवा.