मैदान आखणारे हात

सह्याद्रीच्या पायथ्याशी, दाजीपूरच्या अरण्यातून उतरणारा घाटरस्ता जेथे कोकणच्या सखल भूमीस मिळतो, त्या फोंडाघाटातील शाळकरी मुलांस धावण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण विनामूल्य मिळावे असे ज्याला मनापासून वाटते, त्याने एकदा घाट चढून साताऱ्याच्या माण तालुक्याकडे पाहावे. म्हसवडला 1997 साली चेतना सिन्हा यांनी माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. त्याच परिवारातील 'माणदेशी चॅम्पियन्स' हा उपक्रम प्रभात सिन्हा यांनी चालवला व खेड्यांतील मुलामुलींना मैदानी खेळांचे विनाशुल्क प्रशिक्षण दिले. याच दुष्काळी तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर यांनी 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली, हे स्मरले म्हणजे गुणवत्तेला गाव लहान पडत नाही याची खात्री पटते.

मात्र संस्थेच्या इतिहासापेक्षा माझे मन अधिक रमते ते मैदान आखण्याच्या विद्येत. कोकणच्या उतारांत चारशे मीटरची धावपट्टी मावणे कठीण. म्हणून क्रीडाशिक्षक दोनशे मीटरची आखतात. चाळीस मीटरच्या दोन सरळ बाजू वजा जाता उरलेले 120 मीटर दोन अर्धवर्तुळांत बसवायचे, आणि धावणारा रेषेपासून वीस सेंटिमीटर बाहेरून धावतो असे गृहीत धरायचे, म्हणजे त्रिज्या 18.90 मीटर येते. मध्यबिंदूवर खुंटी ठोकून गुरुजी टेप ताणतात, मुले फक्की सोडीत मागून चालतात. टेपऐवजी सुतळी वापरली आणि ती दहा सेंटिमीटर जरी ताणली गेली, तरी फेरीत साठ सेंटिमीटरांहून अधिक अंतर वाढते, आणि मुलाच्या कष्टाने कमावलेल्या वेळेवर विश्वास ठेवता येत नाही. लेनची रुंदी 1.22 मीटर धरली, तर पूर्ण फेरीच्या शर्यतीत दुसऱ्या लेनमधील मुलास 7.67 मीटर पुढे उभे करावे लागते. मैदान केवढेही असो, हा आकडा बदलत नाही. नवख्या पालकास जो पक्षपात वाटतो तोच येथील न्याय होय.

पण एवढ्या निगुतीने आखलेली रेषा आमच्या पावसापुढे टिकत नाही. फोंडाघाटाच्या या जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील गटांच्या शालेय स्पर्धांचा प्रारंभ बहुधा त्याच चिखलाच्या दिवसांत होतो. सरावाची वेळ शाळा सुटल्यानंतरची. दूरच्या वाडीवरील मुलीने सायंकाळची एसटी चुकवली की दुसऱ्या दिवशी घरून परवानगी मिळत नाही. ज्या शिक्षकावर सारी भिस्त, त्याच्या माथी मतदारयाद्या व जनगणनेची कामे येतात. विनामूल्य म्हणजे कोणाचाच खर्च नाही असे नव्हे. बूट, शेंगदाणे-गूळ, परतीचे भाडे आणि गुरुजींचा वेळ यांची तजवीज कोणाला तरी करावीच लागते.

म्हणून ग्रामपंचायत व क्रीडा कचेरी यांच्याकडे माझे मागणे साधे आहे: चषक आणि व्यासपीठ यांच्या मंजुरीपूर्वी पावसाळ्यासाठी एक छपराखालची जागा मुक्रर करावी, सरावानंतर सुटणारी एसटीची एक फेरी मागून घ्यावी, आणि मैदान आखणाऱ्या शिक्षकास सरावाच्या वेळेपुरते तरी इतर हुकुमांतून मोकळे ठेवावे.