डांबर म्हातारं होतं ते उन्हाळ्यात

मे महिन्यात भर दुपारी आष्टीहून कड्याच्या दिशेनं निघालं, की नव्यानं डांबरीकरण झालेला तुकडा पायालाच कळतो. चपलेचा तळ किंचित चिकटतो. जुना रस्ता मात्र राखाडी, टणक आणि बारीक भेगांनी विणलेला. ऊन तेच, डांबरही तेच. मग एक मऊ पडतं आणि दुसरं तडकतं, हे कसं?

आधी एक गोंधळ दूर करू. कपाटात ठेवायच्या डांबराच्या गोळ्या मूळच्या दगडी कोळशापासून निघणाऱ्या डांबराच्या. रस्त्यावरचं डांबर खनिज तेलातलं. शुद्धीकरण कारखान्यात तेल तापवलं की पेट्रोल, रॉकेल, डिझेल वाफ होऊन वेगळी होतात. उरलेला जड भाग आणखी तापवला तर रेणूच फुटू लागतात, म्हणून तो निर्वात मनोऱ्यात कमी दाबाखाली उकळतात. तरीही जे वर जात नाही, तळाशी बसून राहतं, ते डांबर. 1974 मध्ये सापडलेल्या मुंबई हायचं तेल हलकं. डांबरासाठी ते फारसं कामाचं नाही. त्यासाठी आखाती देशांतलं जड तेल लागतं.

या तळाच्या काळ्या मालाला गाळ म्हणून सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं. रसायनतज्ज्ञ त्यात चार घराणी पाहतात: संपृक्त तेलं, अ‍ॅरोमॅटिक तेलं, रेझिन आणि अस्फाल्टीन. शेवटचं घराणं सर्वांत हट्टी. ‘अस्फाल्टीन’ हे नाव फ्रेंच रसायनतज्ज्ञ बुसिंगो यांनी 1837 मध्ये दिलं, आणि आजही त्याची व्याख्या रेणूच्या आकारावरून होत नाही, तर वागण्यावरून होते: जे टोल्यूइनमध्ये विरघळतं पण हेप्टेनमध्ये विरघळत नाही, ते अस्फाल्टीन. डांबरात भरपूर हेप्टेन ओतलं की तपकिरी-काळी भुकटी खाली बसते.

त्याचा रेणू केवढा, यावर अनेक दशकं वाद चालला. कुणाच्या मोजमापात वजन शेकड्यांत यायचं, कुणाच्या लाखांत. कारण साधं होतं: हे रेणू एकटे राहतच नाहीत. मधोमध कर्बवलयांची सपाट चकती आणि कडेला लोंबणाऱ्या शेपट्या, अशी त्यांची घडण. चकत्या एकमेकींवर बसतात, भाकरींची चवड रचावी तशा. एका चवडीत साधारण सहा रेणू, आणि अशा काही चवडींचा मिळून पाचएक नॅनोमीटरचा पुंजका. मोजणारे रेणू समजून पुंजकेच मोजत होते. आता सरासरी रेणुभार साडेसातशेच्या आसपास मानला जातो. 2015 मध्ये झ्युरिकच्या प्रयोगशाळेत अतिसूक्ष्म सुईनं चाचपून एकेका अस्फाल्टीन रेणूचं चित्रच काढलं गेलं, तेव्हा ती चकती आणि त्या शेपट्या डोळ्यांना दिसल्या.

या जड भागात व्हॅनेडियम आणि निकेलही असतात. 1930 च्या दशकात जर्मनीच्या आल्फ्रेड ट्राइब्स यांनी दाखवलं की यातले काही धातू ज्या वलयाच्या मधोमध बसलेले आहेत, ते वलय हरितद्रव्याच्या वलयाचंच भावंड आहे. पानात त्या जागी मॅग्नेशियम असतं. खनिज तेल पुरातन जिवांपासून झालं, याचा हा भक्कम पुरावा ठरला.

आता पुन्हा रस्त्यावर. अस्फाल्टीनच्या पुंजक्यांना रेझिन वेढून तेलात तरंगत ठेवतं. हा तोल आहे तोवर डांबर चिकट, लवचीक. उन्हात तेलाचा भाग सैल होतो आणि रस्ता मऊ पडतो. भारतीय मानकात व्हीजी-30 सारख्या प्रतींची घट्टता 60 अंश सेल्सिअसला मोजतात ती यासाठीच. कडक उन्हात काळा पृष्ठभाग तिथवर तापू शकतो.

पण तीच उष्णता दुसरंही काम करते. हवेतला ऑक्सिजन डांबराच्या रेणूंना जोडला जातो. अ‍ॅरोमॅटिक तेलाचं रेझिन होतं, रेझिनचं अस्फाल्टीन. चवडी वाढतात, त्यांना सांभाळणारे कमी पडतात आणि डांबर ठिसूळ होतं. सर्वांत झपाट्यानं हे घडतं ते हॉट मिक्स प्लँटमध्ये, जिथं दीडशे अंशांच्या वर तापलेल्या खडीवर डांबराचा अगदी पातळ थर पसरतो. तिथं बेफिकिरीनं जास्त तापवलेलं डांबर रस्त्यावर येतं तेच अर्धं आयुष्य संपवून. माझ्या मते रस्त्याच्या कामात थर्मामीटरकडं रोलरइतकंच लक्ष हवं.

आपली खडी काळ्या पाषाणाची, बेसाल्टची. डांबरात थोडी आम्लं असतात, त्यामुळे ग्रॅनाइटपेक्षा बेसाल्टला ते बरं चिकटतं. तरी दगडाची ओढ तेलापेक्षा पाण्याकडे जास्त. आष्टी पर्जन्यछायेतला तालुका, पाऊस मोजकाच. पण ठिसूळ झालेल्या थरावर उसाचा ट्रॅक्टर गेला, भेग पडली, की जूनच्या पहिल्या सरीतलं पाणी आत शिरून खडी आणि डांबर यांच्यामध्ये घुसतं. खड्डा पावसात दिसतो, म्हणून दोष पावसाला जातो. त्याची तयारी अनेक उन्हाळे चाललेली असते.

म्हाताऱ्या डांबराला उतारही आहे. जुना थर खरवडून त्यात अ‍ॅरोमॅटिक अंश असलेलं तेल मिसळलं, की चवडींना पुन्हा सोबती मिळतात. या पुनर्वापरासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची 2015 ची मार्गदर्शिकाही आहे. राखाडी पडलेली ती ढेकळं गरम तेलात घोळली, की पुन्हा काळी होतात आणि खडीला धरू लागतात.