उजाड डोंगर व त्यांची राखण

चारा-छावण्या व पिण्याचे पाणी यांवरील खर्चाचा तपशील या अहवालात अन्यत्र दिलाच आहे. हा खर्च फिरून फिरून का करावा लागतो, असा रास्त प्रश्न काही व्यापारी व बागायतदार दात्यांनी समितीस विचारला. त्याचे उत्तर पुष्कळ अंशी आपल्या उघड्या डोंगरांत आहे.

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी २०० इंचांवर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात तो २० इंचांच्या आसपास. खटाव, आटपाडी, जत हा पट्टाही असाच. तथापि २० इंच म्हणजे काही शून्य नव्हे. तेवढ्या पावसाने एका एकरावर सुमारे २० लाख लिटर पाणी पडते. डोंगरावर गवत-झुडूप असेल तर त्यातील काही भाग मुरून पायथ्याच्या विहिरींस मिळतो. उघड्या मुरमावरून ते माती घेऊन पाहता पाहता ओढ्यास लागते.

तर मग झाडे लावावीत, इतके हे सोपे का? लावणीपेक्षा राखण कठीण. उन्हाळ्यातून तरलेले रोप शेळीच्या तोंडी जाते. राखण कोणी करावी, हा येथील जुना तंटा होय. महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जंगलखात्याने गुरांची चराऊ राने अडविल्याची तक्रार नोंदविली. १९३० साली तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील बिळाशी येथे जंगल-सत्याग्रह झाला. ज्या रानातून लोकांस बाहेर काढले, त्याविषयी त्यांस आस्था कोठून वाटावी? उलट गावाने देवाच्या नावे राखलेल्या देवराया पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. माधव गाडगीळ व व्ही. डी. वर्तक यांनी त्यांचा अभ्यास केला आहे. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले व पाळले, तर सामाईक मालमत्ता टिकू शकते, हे अमेरिकेतील विदुषी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अनेक देशांतील दाखल्यांनिशी मांडले; त्यांस २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडील दाखला देवराष्ट्र्याजवळील सागरेश्वराचा. मोहित्यांचे वडगाव येथील वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी तेथे रान उभे करण्याचा ध्यास घेतला, आणि १९८५ साली सुमारे ११ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. बारमाही पाणी नसलेल्या डोंगरावर माणसांच्या हातांनी झालेले हे काम आहे. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेथील हरणे कुंपणाबाहेर येऊन पिके खातात, आणि शेतकऱ्यांची ती तक्रार खोटी नाही.

कायद्याची वाट बंद नाही. १९२७ च्या वन अधिनियमाच्या कलम २८ अन्वये राखीव वन गावाकडे सोपविता येते; २००६ च्या वनहक्क कायद्याने पात्र ग्रामसभांस सामूहिक वन राखण्याचा हक्क दिला. परंतु वकिलीचा इतक्या वर्षांचा अनुभव असा, की हक्काचा कागद हाती आला म्हणून राखणदाराचा पगार निघत नाही.

सबब दात्यांस नम्र विनंती, की रोपांकरिता देणगी देताना निम्मी रक्कम तीन वर्षांच्या राखणीकरिता म्हणून लिहून द्यावी. चराईबंदीच्या काळात ज्याचे सारे धन चार शेळ्या एवढेच आहे, त्यास कापलेल्या गवताचा पहिला वाटा मिळावा. आणि ज्यांच्या विहिरी पायथ्याशी आहेत, अशा जमीनदारांनी आपली वर्गणी त्या विहिरींच्या मानाने ठरवावी.