आधी अंक, मग संस्था

पिंपरीतल्या आमच्या वस्तीत एक जुने कामगार वारले. मराठवाड्यातून कारखान्यात आलेला हा माणूस 'अस्मितादर्श'चा जुना वर्गणीदार. घर आवरताना मुलांनी अंकांचे गठ्ठे रद्दीवाल्याच्या तराजूवर ठेवले. दोष मुलांचा नाही. त्या अंकांचे मोल त्यांना आपण कधी सांगितलेच नव्हते. रद्दीच्या भावाने मी ते गठ्ठे घेतले. ते चाळताना जे जाणवले ते येथे मांडतो.

साहित्यसंस्था म्हटली की सभागृह, कार्यकारिणी आणि देणगीदारांच्या नावांची फरशी डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ साली पुण्यात स्थापन झाली. तिची 'महाराष्ट्र साहित्य पत्रिका' १९१३ साली निघाली. आधी संस्था, मग तिचे मुखपत्र, असा हा क्रम. आपल्याकडे तो उलटा आहे. बाबासाहेबांचा 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली ती १९२४ साली. ज्यांना बोलूच दिले नाही त्यांनी आधी बोलायला सुरुवात केली आणि त्या बोलण्याभोवती माणसे जमली. पुढे 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०) आणि 'प्रबुद्ध भारत' (१९५६) आले. नियतकालिक ही आपल्या चळवळीची शोभा नव्हती. चळवळ उभी राहण्याची ती जागाच होती.

'अस्मितादर्श' याच परंपरेतला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. घराण्यात पहिल्यांदाच अक्षर गिरवलेली मुले तेथे शिकली, लिहू लागली. त्याच वातावरणात १९६७ साली 'अस्मिता' निघाले, आणि लगेच त्याचे 'अस्मितादर्श' झाले. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी २०१८ साली निधन होईपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षे, ते जपले.

या त्रैमासिकाने नेमके काय केले? नव्या लेखकाची कविता-कथा छापली, हे खरे; पण ते अर्धेच काम. ती कविता कोणत्या मापाने मोजायची, हा प्रश्न उरतोच. प्रस्थापित समीक्षेचे माप आस्वादाचे आणि रचनेच्या सफाईचे. त्या मापाने गावकुसाबाहेरचे जगणे ओबडधोबडच ठरणार. म्हणून या अंकांत कवितेशेजारी लेख आला, लेखावर वाद आला, वादाला उत्तर आले. आपले लेखन आपण तपासायचे आणि त्याची मूल्येही आपणच मांडायची, हे आत्मभान त्यातून आले. लेखक-वाचक मेळाव्यांनी हाच संवाद गावोगाव नेला. कालचा वाचक तेथे लेखक म्हणून उभा राहिला.

हे सोपे नव्हते. १८९८च्या टपाल कायद्याप्रमाणे एकतीस दिवसांच्या आत निघणाऱ्या पत्रालाच वृत्तपत्राच्या सवलतीचा दर मिळे. त्रैमासिकाला तो नाही. जाहिरातदाराला आपला वाचक गिऱ्हाईक वाटत नाही. मग उरते ती वर्गणी. पगारातून काढून पाठवलेली मनिऑर्डर हाच आपल्या साहित्याचा राजाश्रय होता. गठ्ठ्यातल्या एका अंकात मला अशा मनिऑर्डरची जीर्ण पावती सापडली. तिच्याकडे मी बराच वेळ पाहत राहिलो.

आता आपल्या पट्ट्याकडे पाहू. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. यंत्र आणि विचार या मातीत एकाच वर्षी आले. यंत्र वाढत चाकणपर्यंत गेले. विचाराचे काय झाले? जानेवारी २०१६ मध्ये पिंपरीत ८९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. चार दिवस प्रचंड मांडव होता. मग तो उतरला. त्रैमासिकाला मांडव नसतो, पण ते दर तीन महिन्यांनी दार ठोठावते.

आज चाकणच्या कारखान्यांत ठेकेदारामार्फत राबणारी पोरे खोलीवर येऊन मोबाईलवर लिहितात. त्यांच्या लेखनात धग आहे. पण ते दोन दिवसांत खाली सरकते आणि नाहीसे होते. त्यावर कोणी वाद घालत नाही, कोणी ते जपून ठेवत नाही. वाद आणि जपणूक नसेल तर लेखन होते, साहित्य उभे राहत नाही.

म्हणून शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे तीन कामांचे आहे. आपल्या वस्तीतले जुने अंक शोधा, वर्षवार लावा, बांधून घ्या. कोणाचे काय कोणत्या अंकात आहे, याची सूची करा. सूचीवाचून गठ्ठा मुका असतो. आणि आज जे नियतकालिक निघते आहे त्याची वर्गणी भरा, त्याला लिहून पाठवा.

माझ्या गठ्ठ्यात काही वर्षांचे अंक नाहीत. ते कोणाच्या तरी माळ्यावर असतील. तराजूच्या आधी आपण तेथे पोचले पाहिजे.