विश्लेषण : मूल घरी राहणार की बालगृहात, हे कोण ठरवते? रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात बालसंरक्षणाचे काम कसे चालते?

‘बालसंरक्षण यंत्रणा’ म्हटले की अनेकांना आधी नॉर्वे आठवतो. २०११ मध्ये तेथील यंत्रणेने एका भारतीय दाम्पत्याची दोन मुले ताब्यात घेतली. त्या घटनेवर आधारित हिंदी चित्रपट २०२३ मध्ये आला आणि ‘सरकारी बाई येते आणि मूल घेऊन जाते’ ही प्रतिमा घराघरांत पक्की झाली. आपल्याकडच्या कायद्याचा रोख मात्र उलटा आहे. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय, असे तो सांगतो. मग दाराशी येणारी सामाजिक कार्यकर्ती नेमके काय करते? आणि रत्नागिरीसारख्या लांबलचक, डोंगराळ जिल्ह्यात ते तिला कितपत जमते?

मूल ताब्यात घेण्याचा अधिकार कोणाला?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते, एक अध्यक्ष आणि चार सदस्यांची. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल सापडले, की प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला या समितीपुढे हजर करावे लागते. पोलीस, चाइल्डलाइन, सरकारी कर्मचारी, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका, यांपैकी कोणीही ते करू शकते. मूल स्वतःही जाऊ शकते. परंतु ते घरी परतणार, नातेवाईकांकडे राहणार की बालगृहात, याचा आदेश समितीच देते. सामाजिक कार्यकर्तीला तो अधिकार नाही. तिच्या हाती असतो तो अहवाल. समिती बहुतांशी त्या अहवालाच्या डोळ्यांनीच घर पाहते, त्यामुळे अधिकार नसला तरी जबाबदारी मोठी आहे.

ही कार्यकर्ती जिल्हा बाल संरक्षण कक्षात काम करते. कक्ष महिला व बाल विकास विभागाच्या अखत्यारीत येतो. तेथे जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, संरक्षण अधिकारी, विधी व परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते आणि क्षेत्र कार्यकर्ते अशी पदे असतात.

गृहचौकशीत काय पाहतात?

समजा, संगमेश्वर तालुक्यातल्या एखाद्या वाडीतून १०९८ वर फोन आला. आजीजवळ राहणारी नऊ वर्षांची मुलगी महिनाभर शाळेत आलेली नाही. आई वारली आहे, वडील मुंबईत नोकरीला, घरात एक काका आहे आणि तो दारू पितो. एवढीच माहिती.

कागदावर काम सोपे दिसते. सामाजिक तपासणी अहवाल नियमांतील ‘नमुना २२’मध्ये भरायचा असतो. त्यात कुटुंब, उत्पन्न, आरोग्य, शाळा, मुलाचे वागणे, घरातले संबंध असे रकाने आहेत. तपासणी १५ दिवसांत पूर्ण करायची, म्हणजे समितीला चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश देता येतो. पण खरी माहिती रकान्यांत सहज येत नाही. रात्री घरात कोण कोण असते, मुलगी कोणाजवळ झोपते, काका घरी आला की ती कुठे जाते, आजीला दिसते किती, चालवते किती, वडिलांचे पैसे दरमहा येतात का, हे विचारायला पोलिसी थाट चालत नाही. आधी आजीच्या गुडघेदुखीवर बोलावे लागते. मग चहा येतो, मग हळूहळू घर बोलू लागते.

त्यानंतर पडताळणी. वर्गशिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई, पोलीस पाटील यांच्याकडून माहिती मिळते. गावपातळीवर सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समितीही असते. इथे एक पेच येतो. वीस-पंचवीस घरांच्या वाडीत एखाद्या दारात अनोळखी बाई तासभर बसली, तर संध्याकाळपर्यंत ती का आली हे सगळ्यांना ठाऊक झालेले असते. चौकशी जितकी कसून, तितकी मुलीची गोष्ट पसरण्याची भीती. त्यामुळे गाडी वाडीच्या तोंडाशीच थांबवणे, आधी शाळेत जाणे, ‘शिष्यवृत्तीच्या कामासाठी आले’ असे न सांगताही कामाचा गवगवा होऊ न देणे, ही कसरत कोणत्याही नमुन्यात लिहिलेली नाही.

अखेरीस शिफारस काय करायची? काका त्रासदायक आहे, पण आजीची माया खरी आहे. मुलीला बालगृहात पाठवले तर ती सुरक्षित राहील, मात्र आजी, शाळा, मैत्रिणी एका दिवसात तुटतील. घरीच ठेवले आणि काही विपरीत घडले, तर पहिला प्रश्न अहवाल लिहिणारीला विचारला जाईल. या भीतीपोटी ‘संस्थेत दाखल करावे’ असे लिहून मोकळे होणे सर्वांत सोपे. चांगली कार्यकर्ती आणखी दोन दिवस खर्ची घालते. मुंबईतल्या वडिलांना फोन करते, मावशी किंवा आत्या आहे का हे शोधते, काकाची राहण्याची सोय वेगळी होईल का ते पाहते.

रत्नागिरीत वेगळे काय?

एक म्हणजे अंतर. मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुके, मध्ये घाट आणि खाड्या. मंडणगडहून जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून दूर आहे. एका गृहभेटीत पूर्ण दिवस जातो, आणि पावसाळ्यात वहाळाला पाणी आले किंवा एसटी चुकली की दुसराही.

दुसरे कारण कोकणाच्या घरांच्या घडणीत आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कर्ते पुरुष मुंबईत, ही चाकरमानी घरांची जुनी रीत या आकड्यात दिसते. अशा घरांत आजी-आजोबांनी नातवंडे वाढवणे हे दुर्लक्ष नव्हे. शहरी चष्म्यातून पाहणाऱ्या नव्या कार्यकर्तीला मात्र ते तसे वाटू शकते.

त्याच वेळी जिल्ह्यात बाहेरून येणारी कुटुंबेही बरीच आहेत. आंब्याच्या बागांत राखणीला आणि मच्छीमार बोटींवर नेपाळी कामगार असतात, चिरेखाणींवर कर्नाटकातील मजूर असतात. हंगाम संपला की बिऱ्हाड हलते आणि १५ दिवसांची चौकशी अर्धवट राहते. मुलाचे घर दुसऱ्या जिल्ह्यात वा राज्यात असेल तर प्रकरण तेथील समितीकडे पाठवता येते. मूल परदेशी असेल तर दूतावासापर्यंत पत्रव्यवहार लांबतो. शिवाय कोकण रेल्वे आहेच. घरातून निघालेली मुले फलाटावर रेल्वे सुरक्षा दलाला सापडतात, आणि नाव-गाव सांगायला कधी तयार नसतात.

मूल घरीच राहावे यासाठी मदत मिळते?

मिळते, आणि अनेक प्रकरणांत गुन्हा नसून गरिबीच मुळाशी असते. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात. २०२३ पूर्वी ही रक्कम १,१०० रुपये होती. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वात दरमहा ४,००० रुपये आहेत. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२ हजार, तर इतरत्र ९६ हजार रुपयांच्या आत असावे लागते. अनाथ, एकल पालक असलेली, पालक दुर्धर आजारी वा तुरुंगात असलेली मुले यांना या मदतीचा आधार होतो. ही कागदपत्रे जुळवणे हाही बालसंरक्षणाचाच भाग. मृत्यूचा दाखला नाही, आधार कार्डावर नाव वेगळे, बँक खाते नाही, अशा कारणांनी आजीचा अर्ज अडतो तेव्हा कार्यकर्तीच तलाठ्याकडे आणि बँकेत खेटे घालते.

‘कोणाला सांगू नका’ असे मूल म्हणाले तर?

हा या कामातला सर्वांत अवघड क्षण. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. त्यामुळे ‘हे आपल्या दोघींतच राहील’ असे वचन कार्यकर्तीला देता येत नाही. आरोपी बहुधा ओळखीचा, कधी घरातलाच असतो. आई स्वतःच तक्रारीला विरोध करते, कारण घर चालवणारा तोच. मुलीचा विश्वास न तोडता तिला पुढची वाट समजावून सांगणे, एवढेच हाती उरते.

कायद्याने त्या वाटेवर काही आधार ठेवले आहेत. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती निवडेल तेथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना घ्यायचा असतो. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचे असते. खटल्यात सोबतीसाठी समिती आधार व्यक्ती देऊ शकते. तारखा मात्र लांबतात. वर्षभरात खटला संपवावा, असे कायदा म्हणतो तो ‘शक्यतोवर’ या शब्दासह.

मनुष्यबळाचे काय?

कक्षातील बहुतेक पदे कंत्राटी आहेत. मिशन वात्सल्यच्या मार्गदर्शक सूचनांत सामाजिक कार्यकर्त्याचे मानधन दरमहा १८,५३६ रुपये, तर क्षेत्र कार्यकर्त्याचे १०,५९२ रुपये आहे. समाजकार्याची पदवी घेऊन, रात्री-अपरात्री फोन घेऊन, दोन तालुके ओलांडून जाणाऱ्या माणसाचे हे मोल आहे. साहजिकच दुसरी नोकरी मिळाली की लोक सोडून जातात. फाइल नव्या माणसाकडे जाते, पण चौथ्या भेटीत कुठे बोलू लागलेल्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

नागरिकांनी काय करावे?

एखादे मूल एकटे, मारहाण झालेले किंवा कामाला जुंपलेले दिसले तर १०९८ वर फोन करावा. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा २०२३ पासून टप्प्याटप्प्याने राज्य सरकारांकडे आली असून ११२ शी जोडली गेली आहे. पालकांपासून ताटातूट झालेले मूल आढळल्यास कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.

अशा मुलाचा फोटो ‘ओळख पटवा’ म्हणून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याची घाई मात्र करू नये. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय पुढे ते मूल आजीकडे परतले, तरी तो फोटो ग्रुपवर फिरतच राहतो.